घर दोनदा बघितलं, दोन्ही वेळा एक खोली बंदच. हट्ट धरावा का?

घरशोधक
नमस्कार मंडळी. लांबलचक लिहितेय, आधीच सॉरी. गेले ८ महिने घर शोधतोय आम्ही, आणि शेवटी एक असं सापडलं की नवरा पहिल्या दहा मिनिटांतच सोफा कुठे बसेल ते दाखवायला लागला. बैठं जुनं घर आहे, वर अर्धा माळा, जाड भिंती, मागे थोडी मोकळी जागा. मालकीणबाई साठीच्या, बोलायला एकदम मोकळ्या. सगळं फिरवून दाखवलं, न्हाणीघराचा नळ सोडून दाखवला, माळ्यावर चढायला शिडी पण त्यांनीच लावून दिली. पण मागच्या बोळकांडीत उजव्या हाताची एक खोली मात्र कुलपात. मी सहज विचारलं ही कसली, तर म्हणाल्या, "ती अडगळीची आहे हो, चावी भावाकडे राहिलीये, पुढच्या वेळी दाखवते."

ठीक आहे म्हटलं. पुढच्या रविवारी आईला घेऊन परत गेलो तर परत कुलूप. या वेळी बाईंनी तोंड उघडायच्या आत एजंटच मधे पडला, की आत सामान इतकं ठासलंय की दार उघडलं तर अंगावर येईल, शेजारच्या खोलीएवढीच आहे, बघण्यासारखं काही नाही तिच्यात. म्हणजे पहिल्यांदा चावी नाही आणि दुसऱ्यांदा सामान आहे. दोन्ही खरं असू शकतं, मान्य, पण मला ते पटलं नाही. मी दाराशी उभी राहून वास घेतला (हसू नका), कोंदट होता, पण बंद खोलीला तसा वास येतोच ना? खालच्या फटीतून नुसता अंधार. दाराला वर एक कडी खाली एक कडी, दोन्हीला कुलूप, वरचं पितळी, हाताळून गुळगुळीत झालेलं, आणि खालचं नवं कोरं, त्याच्यावरची प्लास्टिकची पट्टीसुद्धा पूर्ण निघाली नव्हती. मागच्या अंगाला खिडकी आहे पण तिला आतून पेपर चिकटवलेत.

एजंट म्हणतो अजून दोन पार्ट्या आहेत, शुक्रवारपर्यंत टोकन द्या नाहीतर गेलं हातातून. नवरा म्हणतो एका अडगळीच्या खोलीसाठी एवढं घर सोडायचं का. मला दोन रात्री झोप नाही. तर माझे प्रश्न असे की असं न दाखवणं नॉर्मल आहे का, हट्ट धरला तर बाईंना वाईट वाटेल का, आणि न बघता घेतलं आणि नंतर त्या खोलीत काही निघालं तर ते कोणाच्या गळ्यात पडतं?

तिरकस
आत भूत आहे. पण भुताला भाडं लावता येत नाही, तेव्हा तेवढी किंमत कमी करून मागा.

ओळंबा
ताई, भूत असतं तर बरं, त्याला वॉटरप्रूफिंग लागत नाही.

मी बरीच वर्षं घरं तपासायचं काम करतोय, घेणाऱ्याच्या बाजूने. बंद खोली दर पाच-सहा घरांमागे एकदा तरी भेटते त्यामुळे नॉर्मल आहे का याचं उत्तर हो, नॉर्मल आहे. बहुतेक वेळा आत खरंच गाद्या, पिंप आणि मोडकी सायकल निघते. पण तुम्ही पैसे त्या खोलीचे पण देणार आहात ना? पाच खोल्यांचे देऊन सहावी भेट मिळणार असती तर गोष्ट वेगळी.

आता खोली बंद असली तरी तिच्या भिंतींना दोन बाजू असतात हे लोक विसरतात. आतली बाजू दाखवत नाहीत तर बाहेरची बघा, ती लपवता येत नाही. मी काय करतो ते सांगतो. आधी त्या खोलीला लागून जी खोली आहे तिच्यात जायचं आणि मधल्या भिंतीवर जमिनीपासून मीटरभर उंचीपर्यंत उलट्या हाताने चाचपत जायचं, बोटांपेक्षा हाताच्या मागच्या बाजूला गारवा पटकन कळतो. जमिनीतून चढणारी ओल साधारण तेवढ्याच उंचीला थांबते आणि जिथे थांबते तिथे एक मळकट, वेडीवाकडी आडवी रेघ उमटते, त्या रेघेखाली रंगाचे पोपडे आणि मिठासारखी पांढरी भुकटी. त्याला लोणा म्हणतात. बोटाने खरवडला तर झडतो. पण ओल जर वरून खाली उतरलेली असेल, म्हणजे छताच्या कोपऱ्यात जास्त आणि खाली कमी, तर ती जमिनीची नाही, छपराची किंवा पाइपाची. दोन्हीचा इलाज वेगळा आणि खर्च तर फारच वेगळा. आणि एकाच भिंतीला नवा रंग दिसला, बाकीच्या तीन जुन्याच, तर ती भिंत दोनदा बघा.

भेगांचं असं की प्लास्टरवर केसासारख्या भेगा प्रत्येक जुन्या घरात असतात, त्यांना घाबरायचं नाही. विटांच्या भिंतीत भेगेची रुंदी ५ मिमीच्या वर गेली की मात्र मी वही काढतो. त्यातही दाराच्या किंवा खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघून वर जाताना रुंद होत गेलेली असेल तर पाया कुठेतरी खचलाय का ते शोधायला लागतं. अशी भेग भिंतीच्या पलीकडे पण फुटलेली असू शकते, म्हणून बाहेरून, मागच्या मोकळ्या जागेतून त्या खोलीची भिंत निरखून बघा. उन्हं तिरपी असताना बघा, सकाळी किंवा संध्याकाळी. भर दुपारी फुगवटे आणि भेगा दिसत नाहीत, सावलीच पडत नाही त्यांची.

माळ्यावर चढलात म्हणता, तर त्या खोलीच्या नेमक्या डोक्यावर काय आहे ते बघितलंत का? लाकडी तुळया असतील तर त्या भिंतीत जिथे शिरतात ती टोकं बघा, कुजायला आणि वाळवीला सुरुवात तिथूनच होते. पेन्सिलीएवढी जाड मातीची नळी भिंतीवरून चढताना दिसली की ती वाळवी. एक नळी मधेच मोडून ठेवायची आणि पुढच्या खेपेला बघायचं, परत जोडली गेली असेल तर आत वस्ती चालू आहे.

अजून एक. घरातले सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरचं रीडिंग फोटो काढून ठेवा, घर बघा, अर्ध्या तासाने परत बघा. काटा हलला असेल तर पाणी कुठेतरी जातंय, आणि बाकी सगळं कोरडं असेल तर उरली कुठली खोली?

आणि सोबत टेप न्या! बाहेरून घराची लांबी मोजायची, आतून एकेका खोलीची मोजायची, भिंतींची जाडी मिळवायची. जे उरतं ती तुमची बंद खोली. एकदा एका घरात मी असं मोजलं तर दीड मीटर जास्त निघालं, म्हटलं माझंच चुकलं, परत मोजलं, परत तेच. कपाटामागे भिंत घालून जुनं न्हाणीघर बुजवलं होतं, खालचे पाइप तसेच आत सोडून. विकणाऱ्याला स्वतःलाच माहीत नव्हतं, त्याच्या आधीच्याने केलेला उद्योग.

पण हे सगळं करून सुद्धा आत न बघता मी माझ्या रिपोर्टात "खोली ठीक आहे" असं कधीही लिहिणार नाही. "ही खोली पाहू दिली नाही" एवढंच लिहीन.

झालंगेलं
ओळंबा साहेबांचा मान राखून सांगतो, एवढं चाचपत बसलात तर घर मिळणार नाही. मी दोन घरं अशीच घालवली, एकात गच्चीची चावी मिळत नव्हती आणि एकात मालक म्हणाला बेडरूममध्ये बायको झोपलीये. मी शंका काढत बसलो आणि दोन्ही घरं दुसऱ्यांनी घेतली, एकात तर आमचे ओळखीचेच राहतात, मजेत आहेत, गच्चीवर कुंड्या ठेवल्यात. तिसरं घर घेतलं त्याचा पोटमाळा बघितलाच नव्हता, उघडला तर आत कबुतरांची घाण आणि एक पाळणा. झालं. सगळं जग काही फसवायला बसलेलं नसतं.

तिरकस
कबुतरांनी टोकन दिलं होतं का तेवढं बघायचं होतं.

विकून_मोकळा
मी दुसऱ्या बाजूचा. दोन वर्षांपूर्वी आम्ही आमचं घर विकलं तेव्हा एक खोली न दाखवणारा मीच होतो, म्हणून लिहितोय.

आत आई होती. अंथरुणाला खिळलेली, बोलणं गेलेलं पण समजत सगळं होतं. दर शनिवार-रविवार चार-पाच कुटुंबं यायची, बूट घालून फिरायची, भिंतींवर टकटक करायची, आणि तिच्यासमोर उभं राहून "ही भिंत पाडता येईल" वगैरे बोलायची. पहिल्या आठवड्यात आम्ही दाखवली खोली. एक गृहस्थ तिच्या पलंगाच्या पायाशी उभं राहून पलंग मोजायला लागले, म्हणजे खोली मोजत होते पण टेप तिच्या पायावरून गेली. त्या दिवशी दार लावून घेतलं ते लावलंच. एजंटला सांगितलं काहीही सांग पण ही खोली नाही. त्याने काय सांगितलं असेल देव जाणे, कारण नंतर एका बाईंनी मला विचारलं की आत काही "घडलं" होतं का!

आणि खरं सांगायचं तर हे लोकांना सांगायला लाज पण वाटायची. आई आत आहे, घर विकतोय, म्हणजे आईचं काय करणार आहात असा चेहरा करायचे लोक. त्यापेक्षा चावी हरवलीये म्हणणं सोपं.

शेवटी ज्यांनी घेतलं त्या ताईंनी वेगळं काही केलं नाही. फक्त एजंटला बाजूला ठेवून मला विचारलं, "आत्ता नको तर नको, पण घ्यायच्या आधी एकदा बघावंच लागेल मला, तुम्हाला कधी सोयीचं आहे?" मी म्हटलं गुरुवारी आईला तपासायला नेतो तेव्हा. गुरुवारी आल्या, एकट्या, चप्पल बाहेर काढून, चार मिनिटांत चारही कोपरे बघितले, पलंगाला हात लावला नाही. खिडकीखाली ओल होती ती मीच दाखवली त्यांना.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच की "आज नको" म्हणणारा आणि "कधीच नाही" म्हणणारा यांच्यात फरक करा. वेळ विचारा. ज्याच्याकडे खरं कारण आहे तो वेळ देतो. वेळच मिळाली नाही तर मग ओळंबा साहेब आहेतच.

आगाऊ_काकू
सगळे ओल ओल करताय, कुलपं दोन का आहेत ते कोणी विचारेना!

अगं घरशोधक, तू स्वतःच लिहिलंयस, एक जुनं एक नवं. माझ्या मोडक्या सायकलीला आणि फुटक्या पिंपाला मी दोन कुलपं कशाला लावीन? एका माणसाच्या अडगळीला एक कुलूप पुष्कळ झालं. दोन कुलपं म्हणजे दोन माणसं, आणि ती एकमेकांना विचारल्याशिवाय आत जाऊ शकत नाहीत असं कोणीतरी ठरवलंय. आमच्या घरात हे मी ९ वर्षं बघितलंय. सासरे गेल्यावर त्यांच्या खोलीला यांनी एक कुलूप लावलं, दुसऱ्या दिवशी दीरांनी येऊन दुसरं लावलं. आत काय होतं, तर एक लोखंडी कपाट, एक आरामखुर्ची आणि सगळी जुनी कागदपत्रं. नऊ वर्षं खोली कोणी झाडली नाही. उघडली तेव्हा कपाटाच्या खालचा पत्रा गळून पडलेला.

बाई म्हणाली ना चावी भावाकडे आहे? मला तर ती खरं बोलतेय असंच वाटतंय. कुठला भाऊ, आणि त्याच्याकडे का, हे विचार.

ओळंबा
काकू, मान गये. मी भिंतीच बघत बसलो.

घरशोधक
बाप रे काकू, अंगावर काटा आला. मी ते कुलूप वर्णन म्हणून लिहिलं होतं, डोक्यातच आलं नाही.

बुधवारी संध्याकाळी परत जातोय, ओळंबा दादा तुमची टेप आणि मीटरवाली आयडिया नवऱ्याला वाचून दाखवली, तो आता सोफा विसरून टेप शोधतोय. एजंटला फोन केला तेव्हा तो जरा चिडलाच, म्हणाला मॅडम किती वेळा बघणार. आणि तो थर्मल कॅमेरा मिळतो ना भाड्याने, त्याने बंद दाराच्या पलीकडचं कळेल का? नवऱ्याला व्हिडिओ दिसला कुठेतरी.

ओळंबा
नाही ओ. तो कॅमेरा भिंतीच्या पलीकडे बघत नाही, समोरच्या पृष्ठभागाचं तापमान दाखवतो फक्त. ओल्या जागेवरून पाणी उडत असतं म्हणून ती थोडी गार दिसते, एवढाच त्यातला खेळ. सावलीतली कोरडी भिंत पण तशीच निळी दिसते. वापरणाऱ्याला अनुभव असेल तर उपयोगी आहे, नाहीतर रंगीत चित्रं मिळतात. ओल मोजायचं दोन टोकांचं छोटं यंत्र लाकडावर बरं चालतं, लाकडात २० टक्क्यांच्या वर ओलावा दाखवला तर कुजण्याची भीती धरायची, पण लोणा लागलेल्या भिंतीवर तेच यंत्र क्षारांमुळे उगाच जास्त दाखवतं. तुमचा हात पुरे आहे.

रात्रपाळी
तिसऱ्या प्रश्नाला कोणी हातच लावला नाही. मी वकिलाच्या ऑफिसात कागद तयार करायचं काम करतो, वकील नाही, त्यामुळे हे सल्ला म्हणून न घेता प्रश्नांची यादी म्हणून घ्या. नियम जागेजागेला बदलतात.

ढोबळ तत्त्व बऱ्याच ठिकाणी सारखं आहे, की घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवायचे. जो दोष साध्या नजरेने बघितल्यावर दिसला असता, तो "मला सांगितला नाही" म्हणून नंतर भांडणं अवघड जातं. जो दोष बघूनही दिसला नसता आणि विकणाऱ्याला मात्र माहीत होता, तो लपवला तर विकणारा अडचणीत येऊ शकतो. बंद खोलीची गोची अशी की ती या दोन्हीच्या मधे लोंबकळते. तो म्हणणार खोली बंद आहे हे तुम्हाला दिसत होतं, तरी घेतलंत. तुम्ही म्हणणार मागितली होती, दाखवली नाही. मग मागितली होती याचा पुरावा काय? म्हणून तोंडी विचारून सोडू नका, मेसेज टाका, अगदी साधा, "दोनदा आलो तेव्हा मागची खोली बघायची राहिली, टोकनच्या आधी दाखवावी ही विनंती". उत्तर आलं तरी उपयोगाचं, नाही आलं तरी उपयोगाचं.

करारात "घर जसं आहे तसं, पाहून, पसंत करून घेतलं" असं वाक्य असतं बघा, ते आम्ही रोज टाइप करतो, डोळे मिटून करतो. न बघितलेल्या खोलीच्या बाबतीत त्या वाक्याखाली सही करू नका, ते बदलून घ्या.

काकूंचा मुद्दा माझ्या मते ओलीपेक्षा मोठा आहे. ओल पैशाने जाते. खोलीत कोणाचा ताबा असेल, भाडेकरू म्हणा, भाऊ म्हणा, नाहीतर नुसतं सामान ठेवून गेलेला कोणी म्हणा, तर ताबा असलेल्या माणसाचा काय हक्क आहे याची चौकशी घेणाऱ्याने करायची असते, "मला माहीत नव्हतं" हे फारसं चालत नाही, कारण कुलूप दिसत होतं. आणि मालकी दोघांची असेल तर एकटा माणूस फक्त स्वतःचा हिस्सा विकू शकतो, अख्खं घर नाही. तेव्हा कागदावर नावं कोणाची आहेत ते आधी बघून घ्या, घर रिकामं करून पूर्ण ताबा, सर्व खोल्यांसह, असं लिहून घ्या, आणि शेवटची रक्कम देण्याच्या दिवशी आदल्या तासाला परत एकदा सगळी दारं उघडून बघा. वकील स्वतःचा लावा, एजंटने सुचवलेला नको.

टोकन द्यायचंच असेल तर पावतीवर लिहून घ्या की खोली बघून पसंत पडली नाही तर पूर्ण परत. एजंट नाक मुरडेल. मुरडू दे.

झालंगेलं
तोपर्यंत दोन पार्ट्या घर घेऊन मोकळ्या होतील.

विकून_मोकळा
त्या दोन पार्ट्या आमच्या घराच्या वेळी पण होत्या. मालक असून मला त्या कधी भेटल्या नाहीत.

घरशोधक
जाऊन आलो. सांगते, पण आधी काकू, तुमच्या पाया पडते.

संध्याकाळी पाचला गेलो, उन्हं तिरपी, म्हटलं दादांनी सांगितलंय तसं. नवऱ्याने एजंटला मुद्दाम माळ्यावर नेलं तुळया दाखवा म्हणून, आणि मी मालकीणबाईंपाशी थांबले. विकून_मोकळा यांचंच वाक्य वापरलं, जवळजवळ तसंच, की काकू आत्ता नको तर नको, पण घ्यायच्या आधी एकदा बघावी लागेल, तुम्हाला कधी सोयीचं आहे. त्या काहीच बोलल्या नाहीत. मग पदराच्या टोकाला बांधलेली चावी सोडली, गेल्या, वरचं पितळी कुलूप उघडलं, आणि खालच्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "माझं एवढंच. खालचं त्याचं आहे. मी तुमच्याशी खोटं नाही बोलले."

वडिलांचं घर आहे ते. कागदावर बहीण-भाऊ दोघांची नावं आहेत, हे त्याच म्हणाल्या. खोली वडिलांची. भाऊ आधी विकायला हो म्हणाला होता, एजंट आणला तो पण त्यानेच, आणि दोन महिन्यांपूर्वी एकदा आला, वडिलांच्या खोलीत तासभर बसला, बाहेर आला, बाजारात जाऊन नवं कुलूप घेऊन आला आणि लावून गेला. भांडण नाही, काही नाही. फोन उचलतो, तब्येत विचारतो, घराचा विषय काढला की "बघू" म्हणतो. बाईंना वाटलं गिऱ्हाईक पक्कं झालं, रक्कम समोर दिसली की येईल वळणावर. सामानाची गोष्ट एजंटची. मी त्याला नंतर सरळ विचारलं तुम्ही कधी आत गेला होतात, तर म्हणाला, "मॅडम मी पण बघितलेली नाहीये."

आणि हे सांगायलाच हवं, "शेजारच्या खोलीएवढीच" पण नाहीये ती! नवऱ्याने बाहेरून-आतून मोजून तीनदा वजाबाकी केली, शेजारची पावणेचार मीटर आहे आणि ही अडीचच्या थोडी वर. बाकी मधली भिंत कोरडी, रेघ नाही, पोपडे नाहीत. मीटरचा काटा ३५ मिनिटांत हलला नाही. मागच्या भिंतीवर खिडकीच्या कोपऱ्यातून एक तिरकी भेग आहे पण तिच्यात माझं नख पण जात नव्हतं. म्हणजे घर धडधाकट आहे, तेच जास्त जिवावर आलंय.

टोकन दिलं नाही. रात्रपाळी, तुमचा मेसेज जवळपास शब्दशः एजंटला पाठवला, वर लिहिलं की दोघांच्या सह्या आणि दोन्ही कुलपं उघडल्याशिवाय आम्ही पैसे देणार नाही. दोन निळ्या टिका आल्या, उत्तर नाही. शुक्रवार येऊन गेला, त्या दोन पार्ट्यांनी काही घेतलं नाही असं बाईंनीच फोनवर सांगितलं.

रात्रपाळी
छान केलंत. भाऊ तोंडी "माझी हरकत नाही" म्हणाला तरी त्यावर जाऊ नका. आणि बहिणीने सही करून घेते म्हटलं तर त्यावरही नाही. तो समोर हवा.

ओळंबा
नख जात नसेल तर भेग सोडून द्या. तरी दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण आणि तारीख घालून ठेवा, नाहीतरी आता वेळ आहेच तुमच्याकडे.

आगाऊ_काकू
भाऊ आला की लगेच व्यवहाराचं बोलू नकोस गं. आमच्या दीरांनी कुलूप काढलं ते कोणी समजावलं म्हणून नाही, माझी जाऊ सहज म्हणाली की ती आरामखुर्ची तुम्हीच घेऊन जा. पाच मिनिटांत उघडलं. नऊ वर्षं तेवढंच हवं होतं त्यांना, आणि आम्ही सगळे समजत होतो कागदांवर डोळा आहे.

तिरकस
म्हणजे भूत नाहीच का?

घरशोधक
नाही हो तिरकस, खुर्ची आहे का ते मात्र विचारते. बाईंनी भावाला कळवलंय, पुढच्या रविवारी येतो म्हणालाय, "बघू" न म्हणता येतो म्हणाला म्हणून त्या फोनवर दोनदा सांगत होत्या. आला तर लिहीन इथेच. नवऱ्याने मोबाईलमध्ये सगळ्या खोल्यांची मापं लिहून ठेवलीयत, त्या खोलीपुढे अडीच आणि मग प्रश्नचिन्ह.